बर्फ आणेपर्यंत वितळला

मी विज्ञानाची प्रयोगवही बोलतेय. शाळेत मला सगळे 'जर्नल' म्हणतात. जून ते नोव्हेंबर माझी कुणाला आठवणही होत नाही. डिसेंबर लागला की मात्र माझ्याएवढं लाडकं दुसरं कुणी नसतं.

मला कळायला लागलं ते बुद्धप्रियाच्या हातात. चार वर्षांपूर्वी ती या शाळेत दहावीला होती, कुंभारीहून बसने यायची. अक्षर टपोरं, आणि जे घडलं तेच लिहायचं असा स्वभाव. नववा प्रयोग बर्फाचा होता. बर्फ तापवायचा आणि दर मिनिटाला तापमान लिहायचं. शिपाई मल्लप्पामामा सायकलवर गोणपाटात बर्फ बांधून निघाले आणि शाळेत पोचले तेव्हा त्यांच्या हातात नुसतं ओलं गोणपाट होतं. सोलापुरातलं ऑक्टोबरचं ऊन, दुसरं काय होणार! हिरेमठ सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात करू की." तो आठवडा काही आला नाही. बुद्धप्रियाने तक्ता रिकामा ठेवला आणि खाली लिहिलं, 'बर्फ आणेपर्यंत वितळला. प्रयोग झाला नाही.' सरांनी त्याच पानावर लाल शाईने सही केली आणि शेजारी 'छान' असंही लिहिलं.

पुढे बुद्धप्रिया कॉलेजात गेली आणि मी शाळेतच राहिले. दरवर्षी नवी मुलं मला नवं कव्हर घालतात आणि उतरवून काढतात. रिक्षात, जिन्यात, हिंदीच्या तासाला मागच्या बाकावर. माझ्या पाचव्या पानावर शेंगाचटणीचं तेल सांडलेलं आहे. मुलांचा माझ्यावर इतका विश्वास, की ती मला वाचतच नाहीत. तीन वर्षं त्यांच्या वह्यांतही तो बर्फ वितळत राहिला आणि तीन वर्षं त्याखाली लाल सही होत राहिली.

यंदा मी आरोहीकडे आले. स्नेहसंमेलनात तिच्या वर्गाला 'रेट्रो' थीम मिळाली होती. आरोही उंच, म्हणून पहिलीपासून प्रत्येक नाचात मागच्या रांगेत. यंदा पहिल्यांदाच तिला पुढे, अगदी मधोमध उभं केलं होतं. आईने जुन्या साडीचा ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक शिवला. ती तो घालून दिवसातून दोनदा आरशापुढे उभी राहायची. शाळेचा नियम मात्र कडक होता, जर्नलवर सही नसेल तर स्टेज नाही. म्हणून तिने दोन संध्याकाळींत मला उतरवलं आणि नाचातल्या बाकी सात जणींनी तिच्याकडून नेऊन उतरवलं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी तालमीवर बसायची पाळी हिरेमठ सरांची होती. त्यांना त्या गाण्यांचा कंटाळा आला असावा, कारण सही करता करता ते चक्क जर्नल वाचायला लागले. एक वाचलं, दुसरं वाचलं, आठवं वाचलं आणि गाणं बंद करायला लावलं.

"आठ जणींचा बर्फ वितळला? कधी आणला होता गं बर्फ?"

सरांनी आठही वह्या एकावर एक रचल्या.

"मूळ वही कुणाकडं हाय?"

आरोही गप्प बसली असती तर चाललं असतं. मला वाटलं, बसेल. पण ती पुढे आली.

"माझ्याकडं हाय, सर. मीच दिली सगळ्यांना. मला काढा डान्समधनं, पण ह्यांना राहू द्या की."

सरांनी मला हातात घेतलं, नववा प्रयोग काढला आणि थांबले. माझं एखादं पान इतका वेळ आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ही सही माझी हाय," ते हळूच म्हणाले. "उद्या बर्फ येईल. आधी प्रयोग करा, मग नाचा. आठीच्या आठी."

दुसऱ्या दिवशी सरबतासाठी आणलेल्या बर्फातला थोडा मल्लप्पामामांनी प्रयोगशाळेत आणून ठेवला. ठिपक्यांचे फ्रॉक, उंच बांधलेल्या रिबिनी आणि कपाळावर सरकवलेले गॉगल, अशा थाटात आठ जणी चंचुपात्राभोवती उभ्या राहिल्या. स्पिरिटचा दिवा बारीक जळत होता. पहिल्या मिनिटाला शून्य. तिसऱ्या मिनिटाला शून्य. सहाव्यालाही शून्य. बाहेर लाऊडस्पीकरवर त्यांच्या वर्गाचं नाव पुकारलं.

"आता पुढं शून्यच येणार की," एक जण म्हणाली. "लिहून टाकू आणि पळू."

आरोहीने दाराकडे पाहिलं. तिचा पाय तालावर हलत होता, मला दिसत होतं.

"थांब गं. वितळू दे आधी," ती म्हणाली.

नाव दुसऱ्यांदा पुकारलं, मग नववीच्या मुलांना स्टेजवर सोडलं. शेवटचा खडा वितळल्यावर पारा हलला, तेव्हा आठी जणी ओरडल्या. मी इतकी वर्षं तो प्रयोग पोटात घेऊन फिरतेय, पण पारा हलताना मीही पहिल्यांदाच पाहिला.

त्या सगळ्यांत शेवटी नाचल्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आरोही पुढे, मधोमध होती, आणि तिची आई उभी राहून बघत होती असं नंतर ऐकलं. मी पडद्यामागे तिच्या दप्तरात होते, मला फक्त पायांचा आवाज आला. मला बरं वाटलं.

नंतर आरोहीने माझ्या रिकाम्या तक्त्यात पेन्सिलीने आकडे भरले. सरांनी तारखेसह नवी सही केली. या वेळी 'छान' लिहिलं नाही.

आता माझ्यात कुठेच रिकामी जागा उरली नाही. आता हे आकडे उतरवले तर कुणीच पकडलं जाणार नाही, ही गोष्ट काही माझ्या जिवाला बरी वाटेना.

परवा शेजारची अंकिता आली. ती पुढच्या वर्षी दहावीला. "ताई, जर्नल देतीस की? सगळं पूर्ण हाय म्हणं."

"बस, देते," आरोही म्हणाली. तिने खोडरबर घेतलं आणि नवव्या प्रयोगाचे सगळे आकडे एकेक करून पुसून टाकले. बुद्धप्रियाची ओळ तेवढी तशीच ठेवली.

अंकिताने उभ्या उभ्याच मोबाईलवर माझ्या पानापानाचे फोटो काढले. दोन मिनिटं लागली. बाळांनो, उतरवायचंच असेल तर उतरवा, मी काही अडवू शकत नाही. पण नवव्या प्रयोगाच्या पानावर क्षणभर थांबा आणि बर्फ घेऊन या.