होडीचं बारसं

आमच्या घराण्यात होडीला नाव आत्या ठेवते. करावे गावात बाकीच्यांकडे काय करतात ते त्यांनाच माहीत. आमच्याकडे मालकाची बहीण येते, होडीच्या तोंडाशी वाकते, लाकडाला ओठ लावून हळूच नाव सांगते आणि मगच ते मोठ्याने पुकारतात. तोवर होडी म्हणजे नुसतं लाकूड, आणि बिननावाची होडी पाण्यात घालत नाहीत. वडलांच्या होडीला माझ्या आत्याने नाव ठेवलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मला तिचा असा हेवा वाटला होता की विचारू नका. आता माझी पाळी आली, तर माझे पाय उचलेनात.

कारण भावाशी मी सहा वर्षं बोलत नव्हते. हरेश माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. त्याच्याच होडीवरून माझा निकेश गेला, एकोणिसाव्या वर्षी. मामाबरोबर खाडीत गेला, इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं, ते सोडवायला पाण्यात उतरला आणि ओढीत सापडला. तिसऱ्या दिवशी तिवरांत मिळाला. हरेश तेव्हा मला एवढंच म्हणाला होता, "बाय, त्यानं सोताच उडी टाकली. मी नको नको म्हनत व्हतो."

मला ते कधीच पटलं नाही. माझं पोर विचारल्याशिवाय दुसरा कप चहा घ्यायचं नाही. ते कोणी नको म्हणत असताना उडी टाकेल? पण होडीवर तेव्हा तिघंच होते. एक गेला, दुसरा हरेश, आणि तिसरा हरेशचा मुलगा प्रितेश, तो त्या दिवसापासून माझ्यासमोर यायचाच टाळायचा.

मग हरेशने ती होडी मोडीत काढली आणि सीवूड्सच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून उभा राहिला. आता प्रितेश तेवीस वर्षांचा झाला, त्याने हट्ट धरला, म्हणून नवी होडी बांधली. आमंत्रण द्यायला माझी भावजय जागृती दिवाळे गावात माझ्या सासरी आली. दारातच उभी राहिली. "ताई, तुमच्याबिगर नाव कोन ठेवील?" आमचे हे खाटेवर बसून छताकडे बघत होते. "जायचं तर जा," म्हणाले, "मला इचारू नको." मी मनाशी ठरवलं, एकवीरेचं नाव ठेवायचं आणि आल्या रिक्षाने परत फिरायचं.

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. खाडी एवढी गाळाने भरलीय की उधाणाचं पाणीच काय ते होडीपर्यंत पोचतं, तेही तासभर. नाही जमलं तर पुढचं उधाण पंधरा दिवसांनी. मी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. गावातले म्हातारे गोटीराम काका पाण्याच्या कडेला काठी रोवून बसले होते. मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासकट दिसते, पण काकांचा विश्वास काठीवर.

"आलीस का गोजरा? चाळीस मिन्टं हायत. लवकर उरका."

होडी निळी, तिला फुलांच्या माळा, शेजारी घुगऱ्यांचं पातेलं, नारळ, सगळं बारशासारखं. वर प्रितेश उभा. त्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली. हरेश पुढे आला. डोक्यावरचे केस गेले होते त्याचे. "बाय," एवढंच म्हणाला. मी होडीकडे बघत राहिले. होडीच्या तोंडावर, जिथे नाव लिहितात, तिथे लाल पातळ ताणून बांधलं होतं.

नाव तर मी ठेवायचं होतं. मग झाकलंय काय?

"जागृती, याच्याखाली काय हाय?"

"सरप्राइज हाय, ताई. तुमी आधी वाका तरी. आमी सांगतो काय बोलायचं ते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे मला बोलावलं ते ओठ हलवायला. नाव आधीच लिहून मोकळे झाले होते. बापजन्मात आमच्याकडे कोणी असं केलं नव्हतं. मी हात घातला आणि पातळ ओढलं.

पांढऱ्या रंगात, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, निकेश.

मागे बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कोणीतरी मोबाइल वर धरला. सगळ्यांची तयारी झाली होती, माझ्या रडण्याची. हरेशचे डोळे भरून आले होते आणि तो माझ्याकडे असा बघत होता, की आता मी त्याच्या गळ्यात पडणार.

"कोनाला इचारून लिवलंस?" मी म्हणाले.

"बाय, त्याची आठवन..."

"माज्या पोराची आठवन मला हाय. तुला कशाला होडीवर पायजे?"

मोबाइल खाली गेला. जागृती पुढे येऊन माझ्या कानाशी लागली, "ताई, लोक आलेत. घरी गेल्यावर बोलू." मी तिला बाजूला केलं. तीस वर्षं मी सानपाड्याच्या बाजारात मासळी विकतेय. होड्यांची नावं दिवसभर कानावर पडतात. अमकी गाळात रुतली, तमकी फुटली, तिच्या बुडाला भोक पडलं, ती भंगारात घातली. उद्या ही लोकं माझ्यासमोर म्हणणार, निकेश बुडता बुडता वाचला. निकेशचं लाकूड कुजलं. आणि मी तिथे बसून पापलेटं साफ करायची?

हे सगळं मी मोठ्याने बोलले.

"गोजरा," काका काठीपासून उठले, "पानी भरलं. आता वीस मिन्टं. नाव ठेव नायतर नको म्हन, पन लवकर."

"वाक ना, बाय," हरेश म्हणाला. हात जोडले होते त्याने. "एवढं एक सांग होडीला. मग मला काय बोलायचं ते बोल."

"त्याचंच नाव का? देव संपले? तुझ्या पोराचं का नाय?"

पाणी होडीच्या बुडाला लागून चुबुकचुबुक आवाज येत होता. मग वरून प्रितेश बोलला. आवाज फाटला होता त्याचा.

"आत्या, मी उतरत व्हतो त्या दिवशी. मी शर्टपन काढला व्हता. पप्पांनी माजा हात धरला."

"प्रितेश!" जागृती ओरडली.

"बोलू दे त्याला," हरेश म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हणाला, "मीच बोललो निकेशला, तू उतर. पान्याला ओढ व्हती, दिसत व्हती मला. प्रितेशला नाय सोडलं. निकेशला बोललो. तो 'हो मामा' बोलला आन् उतरला."

हो मामा. हे माझं पोर होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा आवाज ऐकू आला.

हरेशला मारावंसं वाटलं. नारळ हाताशीच होता. सगळ्या गावादेखत त्याच्या डोक्यात घालावा, असं मनात आलं आणि हात पुढे गेलाही. त्याच क्षणी दुसरं काहीतरी मनात आलं, ते जास्त वाईट. त्या होडीवर मी असते तर? दोन पोरं, समोर ओढ, आणि एकाला उतरवायचंय. मी निकेशचा हात धरला असता. प्रितेशला म्हणाले असते, तू उतर. मला हे अगदी स्पष्ट कळलं, आणि कळल्याचा असा संताप आला की नारळ मी तसाच सोडला. त्याला माफ करायचं नव्हतं मला. अजूनही केलेलं नाही.

"दहा मिन्टं," काका हळूच म्हणाले.

बाजूला निळ्या रंगाचा उरलेला डबा होता, त्यात ब्रश. हरेशने ओळखलं. "दे, मी पुसतो," म्हणून पुढे झाला. "हात लावू नको," मी म्हणाले. पदर खोचला आणि माझ्या मुलाच्या नावावर मीच रंग फिरवला. आधी 'श' गेला, मग 'के'. 'नि'वर ब्रश थोडा थांबला. मागे कोणी हुंदका दिला, ती जागृती असावी. मग तेही गेलं. रंग ओला होता, खालचं पांढरं अजून फिकट दिसत होतं, म्हणून मी दुसरा हात मारला.

"होडीच्या सरकारी कागदावर नाव काय टाकलंय?" मी प्रितेशला विचारलं.

"काय नाय, आत्या. फॉर्म भरायचा बाकी हाय."

मी वाकले. होडीच्या लाकडाला ओठ लावले, ओल्या रंगाचा वास नाकात गेला, आणि नाव सांगितलं. मग उभी राहून पुकारलं.

"हरेश!"

त्याला वाटलं मी त्याला हाक मारतेय. तो "काय, बाय?" म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाय, मालकाचं नाव होडीला कोन ठेवतं?"

"मी ठेवते. आत्या मी हाय. उद्या हिला काय झालं, तर लोकांनी तुझं नाव घ्यायचं. माज्या पोराचं नाय."

बारशाला नाव पुकारलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात. त्या दिवशी कोणाचा हात उठला नाही. काकांनी नारळ फोडला, पाणी होडीच्या तोंडावर शिंपडलं आणि ओरडले, "अरे, बघत काय बसलात? लावा खांदा!" बारा-चौदा जणांनी खांदा लावला. मीही लावला, का ते मला सांगता येणार नाही. होडी गाळावरून कुरकुरत घसरली, डगमगली आणि तरंगली. इंजिनावर प्रितेश, मागे हरेश उभा. नव्या होडीने खाडीत एक फेरा मारून, पाणी उतरायच्या आत परत यायचं असतं.

मी धक्क्यावर उभी राहिले. नाव ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं, मी त्याला शिक्षा देतेय. होडी वळणावर तिवरांच्या आड गेली, इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा झाला, आणि मी धक्क्याच्या कडेपर्यंत गेले. वडील गेले, आई गेली, पोर गेलं. आईबापांचं म्हणावं असं आता एवढंच एक माणूस उरलं होतं. पाणी उतरायला लागलं. काठीवर चार बोटं ओली पट्टी दिसायला लागली.

"काका," मी म्हणाले, "हरेश दिसतोय का?"

काकांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"अजून नाय, पोरी."