डाव्या पायाचा मोजा

…अंगठ्याच्या टोकाला लोकरीची गाठ टोचरी राहिली आहे, निशा ती बोटानं आत दाबते, ती पुन्हा वर येते — तपकिरी मोजा, त्यावर पांढरी पानं, आणि चपलेत जावा म्हणून अंगठा वेगळा. 'नुसती पिशवी विणू नगंस, चप्पल घालता आली पायजे,' कृष्णात म्हणाला होता. नवऱ्याचीच हौस. हा डावा, झालेला. उजवा अजून चार सुयांवर टाचेपाशी अडकलाय, आणि त्याचा डावा पाय उद्या सकाळी गुडघ्याखाली कापणार आहेत.

हे कृष्णातला माहीत नाही. डॉक्टरांनी तिच्या दिराला, गुंडूला, वॉर्डाबाहेर नेऊन सांगितलं. गुंडूनं जिन्यात तिला. "वैनी, दादाला नुसती जखम साफ करायची हाय म्हणून सांगितलंय. तुमी तोंड उघडू नका. हाय खाऊन बसंल त्यो." मग खालच्या एसटीडी बूथवरून सगळ्या पाव्हण्यांना फोन लावून तो धारा काढायला गडमुडशिंगीला निघून गेला. गावाला माहीत, ज्याचा पाय त्याला नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही दिराची, गप्प बसायचं काम माझं. कामं बरोबर वाटून देतात हे लोक.

सुई पळते — दोन टाके तपकिरी, एक पांढरा — आणि घरातली फरशी आठवते… कागलच्या कारखान्यातून तो आला होता, चहा मागत आत चालत गेला आणि मागे पावलापावलाला रक्ताचा ठिपका. चपलेचा खिळा वर आलेला, दिवसभर तळव्यात रुतत होता, साखरेच्या आजारानं बधिर झालेल्या पायाला पत्ता नाही. 'कुणाचं रगात गं हे?' त्यानं मलाच विचारलं. आणि मी हसले… हसलेच होते की. आधी पायानं त्याला सांगितलं नाही, आता आम्ही सांगत नाही.

"अगं, त्यो झालेला मोजा दे की. उजवा पाय गार पडलाय," खाटेवरून कृष्णात म्हणतो.

"डाव्याचा हाय त्यो."

"मग उलटा करून घाल. कोण बघायला येतंय हितं?"

शेजारच्या खाटेपाशी लेकाजवळ बसलेली बयाबाई खुदकन हसली. "पावणं, बायकुनं एवढी पानं काढल्यात, आणि तुमी दोरं लोंबकळत मिरवा."

"पानं आत हायत हे मला ठावं हाय न्हवं मावशी, बास की."

निशा मोजा उलटा करते. पाठीमागून नेलेले सगळे आडवे धागे बाहेर, पानं आत. अंगठा आपोआप दुसऱ्या बाजूला आला. मोजा उजव्या पायाला इतका बरोबर बसला की तिला त्या मोज्याचाच राग आला.

कृष्णातनं पाय हलवून बघितला. मग तिच्या सुयांकडे बघितलं.

"म्हंजे ह्यो आता डाव्याचा करणार?"

सांग. आत्ता सांग. शब्द दातांपर्यंत आलाय. टाचेपर्यंत मोजे सारखेच असतात, कुठल्या पायाचा ते अंगठ्यापाशी ठरतं…

"अंगठा आला की बघू," ती म्हणते.

"बघू म्हंजे?"

"इणू द्या की मला."

पट्ट्यांत गुंडाळलेला डावा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून चादरीखाली नीट ठेवला, झोपलेल्या पोराला सरकवावं तसा, आणि भिंतीकडे तोंड केलं. कळलं का त्याला? की नुसता रुसलाय? विचारायचं तर काय विचारायचं…

गुंडूला शिव्या द्यायच्या म्हणून ती मनात शब्द जुळवते, आणि एकही तोंडात बसत नाही. आत्ता ती बोलली तो गुंडूचाच आवाज होता. टाच वळली, तळवा सुरू झाला, हात नेहमीच्या सवयीनं पळतायत — हळू, जरा हळू, अंगठा जवळ येतोय. थांबावंसं वाटतं. पण सुया थांबल्या तर त्यांची टकटक थांबेल, आणि तो वळून बघेल.