रिकाम्या रेच्याची करकर

मित्रांनो, मी एक जुना रेचा आहे. बाभळीच्या दोन लाटा, म्हणजे लाकडी रूळ, आणि ते फिरवायची एक मूठ, एवढाच माझा संसार. लाटांमध्ये कापूस घातला की रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. वलगावच्या पुंजारामाने मला घडवले आणि त्याच्या बायकोने, सत्यभामेने, चालवले. 'हा सरकी कधी फोडत नाही,' असे आळीत माझे कौतुक होते. खोड एकच, मी फार करकरायचो.

"याले तेल देता का नाई?" सत्यभामा रोज विचारायची. पुंजाराम रोज उद्यावर ढकलायचा.

त्या साली कापसाला सोन्याचा भाव होता. अमरावतीत एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या गाठीत वजन वाढवायला घातलेले दगड निघाले आणि पोलीस जमादाराला चोर हवा झाला, खरा-खोटा कसाही. त्याने पुंजारामाला घरातून उचलले, मुद्देमाल म्हणून मलाही. ठाण्यात नेले असते तर वरच्या साहेबाला कळले असते. म्हणून आम्हाला एका बंद गोदामात कोंडले.

तिथला शिपाई आधी मला रिकामाच फिरवून दाखवायचा. त्या आवाजानेच पुंजाराम बोटे काखेत लपवायचा. मग त्याची बोटे माझ्या लाटांत जायची.

"कबूल कर!"

"म्या नाई केलं जी!"

मूठ फिरायची. मित्रांनो, मला माझीच भीती वाटू लागली.

सत्यभामा तीन दिवस ठाण्यात खेटे घालत होती. "इथं कोनी नाई," एवढेच उत्तर मिळे. चौथ्या दिवशी साहेब तपासणीला आला. कोठडी रिकामी पाहून खूश झाला आणि जमादारासह गोदामावरून निघाला. सत्यभामा विनवण्या करीत मागे होती. आतल्या शिपायाला हे ठाऊक नव्हते. त्याने मूठ धरली. मी करकरलो.

ती जागीच थांबली.

"साहेब, हा माया रेचा हाय! रिकामा फिरून राह्यला. कापूस असला का याचा आवाज दबते. कापूस नाई, मंग लाटांत काय घालून राह्यले, इचारा त्याहीले!"

जमादाराचा चेहरा उतरला. साहेबाने दार फोडायला लावले.

पुंजाराम जिवंत बाहेर आला. त्याची तीन बोटे मात्र पुन्हा सरळ झाली नाहीत. जमादाराची नुसती बदली झाली, अकोल्याला. गोदामे तिथेही आहेत, ही भीती मला अजून सोडत नाही.

घरी आल्यावर पुंजाराम डाव्या हाताने तेलाची वाटी घेऊन माझ्यापाशी बसला. सत्यभामेने त्याचा हात धरला.

"राहू द्या जी. वरडू द्या त्याले."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. मी मागत नाही. बंद दाराआडून करकर ऐकू आली, तर पुढे जाऊ नका. दार उघडायला लावा.