डाव्या कानामागची रेघ

मी हेल्मेट बोलतेय. आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या, सहा वर्षं माझ्या पोटातून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज यायचा. मला स्वतःचं डोकं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दुसऱ्याचं डोकं सांभाळण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला बाईमाणूसच समजा. रंग काळा, वजन सव्वा किलो, आणि मागून पाहिलं तर पालथी घातलेली कढई.

आधीच सांगते, मी भित्री आहे. तुम्ही म्हणाल, आपटण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूला भीती कसली? पण आपटायची भीती मला कधीच नव्हती. आपटून झाल्यावर जे दिवस आले, त्यांनी माझी गाळण उडाली.

मला विकत घेतलं दिवाकर ढोबळेनं. कलिंगड घेतात तसं टकटक वाजवून घेतलं. दिवाकर रायपूरजवळ उरल्याला, सळया बनवणाऱ्या कारखान्यात, माल रवाना करायच्या खात्यात. घर रायपुरातच, तात्यापाऱ्यात. बायको पद्मिनी एका शाळेच्या ऑफिसात. मुलगी शर्मिष्ठा कॉलेजात; तिला आईबापाचं मराठी सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीत देते.

दिवस बरे चालले होते. सकाळी उरल्याची काळी धूळ खायची, संध्याकाळी बाजारात जायचं. दिवाकर पिशवी हमखास विसरायचा, मग मला उलटी धरून भाजीवालीपुढे करायचा. माझ्यात लाल भाजी बसली आहे, मेथी बसली आहे, एकदा तर अख्खा फणस बसवायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या केसांत मेथीचं पान दिसलं की पद्मिनी विचारायची, "ड्युटीवर चालले का चरायले?"

मग फेब्रुवारीतली ती सकाळ आली.

उरल्याच्या वळणावर कारखान्यांची काळी भुकटी सांडलेली असते. रव्यासारखी बारीक. समोरून सळयांचा ट्रेलर वळला, दिवाकरनं ब्रेक दाबला आणि आमची जुनी मोटरसायकल अंगाखालून सरकून गेली. पहिलं जमिनीवर कोण पोचलं? मी. दुभाजकाच्या कडेवर, डाव्या कानाच्या मागे.

माझ्या आत पांढरा थर्माकोलचा थर असतो. मार तो खातो. दबतो, आणि डोक्यापर्यंत धक्का पोचू देत नाही. पण तो एकदाच दबतो. गादीसारखा परत फुगत नाही. त्या दिवशी तो दबला आणि माझ्या कवचाला केसाएवढी चीर गेली.

दिवाकरला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चहाच्या टपरीवरच्या माणसानं त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं, मला हातात घेऊन म्हणाला, "हेलमेट बढ़िया है भैया. आज यही बचाया आपको."

झालं. या एका वाक्यानं माझा घात केला.

दिवाकर घरी काही बोलला नाही. कोपराचं विचारलं तर म्हणाला, गोदामात लागलं. माझ्या ओरखड्यावर त्यानं कारखान्यात वाटलेलं स्टिकर चिकटवलं. सुरक्षा सप्ताहाचं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘सुरक्षा सबसे पहले’. आणि त्या दिवसापासून तो घरातून निघताना मला कपाळाला लावायला लागला. लकी हेल्मेट. देवीची कृपा. मी आतून ओरडायचे, अरे बाबा, माझी कृपा संपली, मला टाक. पण हेल्मेटचं कोण ऐकतं? माझ्यामुळे त्याला बाहेरचंही कमीच ऐकू यायचं.

तरी मी म्हणायचे, हळू चालवतो, निभावेल. खरा घाम फुटला तो नव्या गाडीचं सुरू झालं तेव्हा.

लग्नाला बावीस वर्षं झाली, तर दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मोटरसायकलवर जगदलपूरला जायचं. तीनशे किलोमीटर, मध्ये केशकालचा घाट. जुनी गाडी एवढी ओढणार नाही, म्हणून लांब प्रवासाची दणकट गाडी घ्यायची. दिवाकरनं शोधून दोन काढल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, पण जुळ्या बहिणी. तोच आवाज, तेच डबे लावायचे सांगाडे, तोच उंच काचेचा पदर. एकीची टाकी दोन लिटर मोठी, दुसरीची सीट दोन बोटं बुटकी. पद्मिनीनं त्यांची नावं ठेवली थोरली आणि धाकटी.

जूनमध्ये पाहणं सुरू झालं. जेवताना मोबाईलवर थोरलीचा व्हिडिओ, हात धुताना धाकटीचा. सोमवारी थोरली ठरायची, गुरुवारी धाकटी, आणि रविवारी पुन्हा पहिल्यापासून.

"माह्यासाठी स्थळ पाहाले आले तेव्हा दहा मिनिटांत हव म्हटलं होतं तुम्ही," पद्मिनी म्हणाली.

"तेव्हा दुसरी कुठं होती तुलना कराले?"

"पापा, एक ले लो यार, कोई भी," शर्मिष्ठा म्हणाली. "दोनों सेम हैं."

"सेम काहून असतील? थोरलीचं वजन तीन किलो जास्त हाय."

"मेरा भी बढ़ा है तीन किलो. घर से निकाल दोगे?"

घरात हसू. मी खुंटीला टांगलेली, आणि माझा पट्टा थरथरत होता. कारण त्याआधी दिवाकरनं जे ठरवून टाकलं होतं ते कुणीच मनावर घेतलं नव्हतं. "गाडीसोबत एक नवीन हेल्मेट भेटते. ते मी घालीन," तो म्हणाला होता. "अन् हे लकी तुले."

प्रेमानं म्हणाला हो. घरातली सगळ्यात भरवशाची वस्तू त्यानं बायकोला दिली. ती वस्तू मी होते.

सप्टेंबरात दोन्ही गाड्या चालवून पाहायचं ठरलं. नव्या रायपूरचे रस्ते रुंद आणि मोकळे, एखाद्या मोठ्या घरात अजून सामान यायचं असावं तसे. पद्मिनीनं पहिल्यांदा मला डोक्यावर चढवलं. आत शिकाकाईचा वास आला, आणि तिचे दात वाजताना ऐकू आले. ती सगळ्यांना हसवते, पण मागच्या सीटवर बसली की रामरक्षा म्हणते. त्या दिवशी पहिल्या चार ओळींतच अडकून राहिली, पुन्हा पुन्हा त्याच.

थोरलीवर आम्ही सिग्नलला थांबलो. दिवाकरचा पाय रस्त्यावर टेकला, पण नुसता चवडा. टाच अधांतरी. गाडी किंचित डावीकडे झुकली आणि त्याच्या खांद्यांतून जी थरथर गेली ती पद्मिनीच्या हातांतून माझ्यापर्यंत आली. ती थरथर मी ओळखते. उरल्याच्या वळणापासून रोज त्याच्यासोबत असायची. रोज त्या वळणाआधी त्याच्या कानशिलावरची शीर माझ्या अस्तरावर टकटकायची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस चार महिने गाड्यांची तुलना करत नव्हताच. हा घाबरला होता. जोवर ठरत नाही तोवर चालवायला लागत नाही, एवढा साधा हिशेब. मी आतून घाबरलेली, तो बाहेरून शूर, आणि मध्ये बिचारी पद्मिनी, जिला वाटत होतं की या घरात आपणच एकट्या भित्र्या.

धाकटीवर त्याचे दोन्ही पाय नीट टेकले. पण पुढे रस्त्यात एक गाय आली, दिवाकरनं ब्रेक लावला, आणि मी त्याच्या डोक्यावरच्या शोरूमच्या हेल्मेटवर आदळले. टक.

एवढासा आवाज. दोघं हसले. माझी चीर मात्र गव्हाच्या दाण्याएवढी पुढे सरकली. मी पद्मिनीच्या कपाळाला घट्ट धरून बसले होते. केशकालच्या घाटात असं काही झालं तर मी त्या घाटात तिला काय देणार होते? एक स्टिकर.

दसरा उजाडला. संध्याकाळी शोरूममध्ये जाऊन गाडी आणायची, आणि कोणती ते अजून ठरायचं होतं. सकाळी अंगणात जुन्या मोटरसायकलची पूजा मांडली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, वाटीत कालवलेलं ओलं कुंकू. पद्मिनीनं टाकीवर स्वस्तिक काढलं.

"याले पण लाव," दिवाकरनं मला पुढे केलं. "यानंच तर..." आणि तो थांबला.

"यानंच तर काय?"

"काही नाही. लाव तू."

पद्मिनीनं मला मांडीवर घेतलं, फिरवून पाहिलं. "देवाचं कुंकू का स्टिकरवर लावू? निघते का हे पाहू द्या."

"राहू दे ना. लागलं हाय तर लागलं हाय."

पण तिनं नखानं कोपरा उचलला होता. मी जन्मात एवढी घाबरले नव्हते, आणि एवढी आतुरही झाले नव्हते. स्टिकर निघालं. खाली ओरखडे. तिनं त्यावर बोट भरून कुंकू लावलं, ते पातळ झालेलं होतं, ओघळलं. तिनं पदरानं पुसलं.

सगळं पुसलं गेलं. एक रेघ राहिली. लाल, बारीक, डाव्या कानामागून वर मध्यापर्यंत गेलेली, भांगात भरावी तशी.

तिनं पुन्हा पुसलं. रेघ जाईना. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मी जिवाच्या आकांतानं कट् वाजले. आयुष्यात तेवढंच काय ते मी बोलले.

पद्मिनीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. "कधी पडले तुम्ही?"

"फेब्रुवारीत." दिवाकर लिंबाकडे बघत होता. "उरल्याच्या मोडावर. तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"कोपराचं तेव्हाचंच?"

"हव."

"अन् हे तुटलेलं मले देऊन राहिले होते?"

"तुटलेलं माहीत नव्हतं मले. वाचवलं होतं त्यानं, पद्मे. वाटलं, तुलेही वाचवेल."

शर्मिष्ठा दारात उभी होती. ती म्हणाली, "पापा, एक बार गिरने के बाद हेलमेट बेकार हो जाता है. इतने वीडियो देखे, ये नहीं देखा?"

त्यानं नाही पाहिलं होतं. चार महिन्यांत दोन टाक्यांतला फरक सगळ्यांना पाठ झाला, आणि डोक्यावर काय चढतंय हे उलटून कुणी बघितलं नाही.

पद्मिनी रागावली नाही. ते जास्त भीतीचं होतं. ती त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि हळूच विचारलं, "त्या थोरलीवर तुमचा पाय टेकत नव्हता ना?"

दिवाकरनं मान डोलावली. मग म्हणाला, "त्या मोडावर रोज भेव लागते मले."

"मले तर गाडीचं नाव काढलं तरी लागते. आठ महिन्यांपासून दोघंही एकटे एकटेच भेत बसलो." तिनं पदराला हात पुसले. "धाकटीवर पाय टेकतात?"

"पूर्ण."

"झालं मग. धाकटी."

चार महिन्यांचं काम पायरीवर उरकलं.

त्यानंतर तिनं स्वयंपाकघरातून कात्री आणली. मला कळलं. दिवाकर म्हणाला, "टाकू नको पण." ती म्हणाली, "टाकत नाही. पण हे आता कोणाच्याच डोक्यावर नाही जाणार, आपल्याही नाही अन् दुसऱ्याच्याही नाही." आणि तिनं माझा हनुवटीचा पट्टा कापला. कच्. हेल्मेटचं आयुष्य तिथं संपतं. मला वाटलं होतं दुखेल. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी श्वास सोडला.

धाकटी आली. पण जगदलपूरला जाणं आठवडाभर पुढे ढकललं गेलं, कारण पद्मिनीसाठी दोन नव्या हेल्मेटांमध्ये कोणतं चांगलं ते दिवाकरला ठरवायचं होतं. दोन्ही सारखीच होती. पद्मिनीनं यावेळी घाई केली नाही, शेजारी बसून दोन्ही आतून बोटानं दाबून पाहिली.

आता मी अंगणातल्या भिंतीवर उलटी टांगलेली आहे. माझ्यात माती आहे आणि ओव्याचं रोप. भजी करायची असली की पद्मिनी माझी चार पानं तोडते. लाल रेघ अजून आहे, पाणी घातलं की ओली दिसते.

आज पहाटे ते निघाले तेव्हा पद्मिनीनं नवं हेल्मेट चढवलं, पट्टा लावला, परत सोडला, परत लावला. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "येतो बाई आम्ही." आणि काच खाली करताना तिची रामरक्षा सुरू झालेली मला ऐकू आली. यावेळी पहिल्या चार ओळींच्या पुढे गेली.

मी अजूनही भिते. ते परत येईपर्यंत भीतच राहणार. फक्त आता माझी भीती रिकामी नाही, तिच्यात एक रोप आहे.

तुमच्या घरी खुंटीला माझ्यासारखी कुणी असेल. कधी पडली होती, कुणी सांगितलं नसेल. आज तिला उलटी करा, उजेडात धरा, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहा. तिला लकी म्हणू नका. ती एकदाच वाचवते, आणि ते एकदा होऊन गेलं असेल तर ती रोज आतून ओरडत असेल.