कृष्णातची हरळी

माझा भाचा कृष्णात गवत उगवायचं कॉलेज शिकला, हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. तेव्हाही त्याचं सगळं उचगाव हसलं होतं.

साल एकोणऐंशी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजानं गोल्फची मैदानं राखायला माणसं तयार करायचा वर्षभराचा कोर्स काढला होता. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू मारत मारत पार लांबच्या भोकात नेऊन घालायचा, असा साहेबी खेळ. त्या भोकाभोवतीचं गवत असं लागतं, की चेंडू घरंगळताना कुठं अडता कामा नये. त्या तुकड्याला ग्रीन म्हणतात. पाणी किती द्यायचं, कापायचं कधी, कीड कुठली पडते, सगळं शास्त्रशुद्ध शिकवायचे. बी. ए. होऊन घरी बसलेला कृष्णात तिथं गेला, तेव्हा लोक म्हणाले, "गवत उगवायला कॉलेज? आमच्यात तर न शिकता उगवतंय की!"

मी एकेकाला सुनावलं, "उगवतंय, खरं तुझ्या गवताला कोण पगार देतंय व्हय रं?"

कृष्णातला मात्र पगार मिळणार होता. बेंगलोरच्या एका क्लबानं त्याला सांगून ठेवलं होतं, पास झालास की ये. लेखी पेपर त्यानं झकास दिले. उरलं होतं प्रात्यक्षिक. प्रत्येकानं स्वतः एक ग्रीन तयार करायची आणि परीक्षकांनी येऊन ती बघायची. कृष्णातनं घरामागं विहिरीकडच्या तुकड्यात निवडक बारीक पानाची हरळी लावली. रोज सकाळी तो ती कापायचा, रूळ फिरवायचा आणि सायकल मारत कॉलेजला जायचा.

आता त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण तानाबाई. मेव्हणे गेल्यावर तिनं एकटीनं रान सांभाळलं आणि पोराला शिकवलं. हरळी ही तिची जन्माची वैरीण. बांधावरून जाताना खाली वाकून दोन मुळ्या उपटल्याशिवाय तिचं पाऊल पुढं पडायचं नाही. दिवसभर ती रानात, त्यामुळं पोरानं हरळी मुद्दाम लावलेली तिनं बघितलीच नव्हती; तो खेळाचं मैदान करतोय, एवढंच तिला माहीत होतं. पण खेळाची जागा म्हणजे निव्वळ माती, हे कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला काय सांगायला लागतं? कुस्ती कधी गवतात झाली आहे का?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कोडोलीहून मुक्कामाला आलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच मी आणि कृष्णात परीक्षकांना आणायला कोल्हापूरला गेलो. अल्लाउद्दीन मुजावर सर त्यांचं नाव. इथल्याच मातीतला माणूस, पण उभी हयात मोठमोठ्या गोल्फ क्लबांत गेलेली. कॉलेजच्या जीपमधून आम्ही परत आलो आणि विहिरीकडं वळलो.

तिथं तानाबाई आणि शेजारपाजारच्या बायका खुरपी घेऊन उभ्या होत्या. चेहरे घामानं निथळत होते, पण कसे फुलले होते म्हणून सांगू! समोर भुईवर हिरवं पान म्हणून नव्हतं. सगळी हरळी बांधावर ढीग होऊन पडली होती.

"बघा साहेब," तानाबाई पुढं होऊन म्हणाली, "पोरगं बिचारं रोज वरच्यावर कापत हुतं. मुळासकट काढाय त्येला सवडच न्हाय. मग आमीच लागलो उजाडल्यापास्नं. एक मुळी घावली तर नाव बदला माझं!"

माझ्या डोक्यात तिडीक उठली. नोकऱ्या काय झाडाला लागतात? मी तोंड उघडणार, तेवढ्यात कृष्णातनं माझा दंड घट्ट धरला.

मुजावर सरांनी त्या भुईकडं बघितलं, बांधावरच्या ढिगाकडं बघितलं आणि ते ओळखून चुकले. कृष्णातला बाजूला घेऊन म्हणाले, "ग्रीन हुती, खरं आईनं काढली, असं लिहितो. कॉलेज तुला वाऱ्यावर सोडणार न्हाय."

कृष्णातचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. "आईचं नाव नको सर. ग्रीन न्हाय, एवढंच लिहा."

सख्ख्या भाच्यापुढं मान झुकवावी असं मला त्या घटकेला वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाजूला घेऊन बोललं तरी आईच्या कानांना ऐकू जातंच. "म्हंजी?" तानाबाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं. "ती हरळीच पायजे हुती?" आणि ती मटकन खाली बसली.

कृष्णात बांधाकडं गेला. ढिगातली मूठभर हरळी उचलून त्यानं निरखून बघितली आणि सगळ्या ढिगावर घागरीनं पाणी मारलं. मग आईपुढं येऊन म्हणाला, "आई, ऊठ. हरळी अशी मरती व्हय? आणि सर, गवत लावायचं कसं, ते बी आमच्या अभ्यासात हाय. तेवढं तरी बघून जावा."

सर विहिरीच्या काठावर टेकले. मग काय विचारता! पोरगं सेनापतीसारखं हुकूम सोडायला लागलं. फळी फिरवून त्यानं भुई सारखी केली. बायकांनी हरळीचे धागे बोट बोट तोडले आणि भाताची रोपं लावतात तसं ओळ धरून मागं मागं सरकत लावले. वरून चाळलेली माती, मग रूळ, मग झारीनं पाणी. एक ओळ वाकडी गेली तर त्यानं ती उपटून परत लावायला लावली, आणि ती नेमकी माझी होती.

"सकाळी काढायची आन् दुपारी लावायची," म्हाताऱ्या बायडाबाई म्हणाल्या, "असलं कॉलेज बघितलं न्हवतं बाई!"

सगळ्याजणी हसल्या, सर हसले. तानाबाई तेवढी हसली नाही.

निघताना सर म्हणाले, "लावण बघितली. आता उगवण बघाय येतो. तंवर निकालाचा कागद माझ्या खिशात." बेंगलोरलाही त्यांनीच थांबायला कळवलं.

पुढं कृष्णात पुन्हा रोज कापायला लागला, आणि तानाबाई काठी घेऊन राखणीला बसली. कोंबडीचीसुद्धा तिकडं फिरकायची छाती झाली नाही. श्रावणात सर आले, तेव्हा विहिरीकडं साय धरावी तसं गवत धरलं होतं. सरांनी खिशातून पांढरा चेंडू काढला आणि काठीनं हलकेच ढकलला. इकडून तिकडं तो सरळ गेला, कुठं उडाला नाही की अडला नाही, आणि भोकाच्या कडेला थांबला.

"मी मारला त्यो चुकला," सर म्हणाले. "ग्रीनला बोल न्हाय. पास!"

बायकांनी एकच गलका केला. तानाबाई मात्र हात जोडून पुढं आली. "साहेब, माझ्यापायी त्येचं मार्क तर न्हाय न्हवं कमी केलं?"

सरांनी कागद काढून कृष्णातच्या हातात दिला. "ताई, बाकीच्या पोरांच्या मी नुसत्या उगवलेल्या ग्रीन बघितल्या. उपटल्याली परत उभी करणारा तुमचा एकटाच. त्येला मी पयला काढलाय."

तानाबाईनं पदर तोंडाला लावला. माझे डोळे तर केव्हाच वाहायला लागले होते.

"मामा, रडताय व्हय?" कृष्णातनं विचारलं.

"व्हय, रडतोय," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "माझा भाचा हाय!"