सातवं बटण

मालकांचा मेहुणा कवी आहे, हे आम्हाला जिन्याखालच्या गठ्ठ्यांवरून कळलं. पदरमोड करून पुस्तक छापलं, खपलं नाही, म्हणून आमच्या कारखान्यात आणून टाकलं. त्या गठ्ठ्यांवर आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो.

कारखाना म्हणजे एक लांब टेबल आणि भोवती आम्ही चौदा बायका. पुठ्ठ्यावर सहा बटणं टाचायची, दोरा तोडायचा, पुठ्ठा पुढे सरकवायचा. ढिगातून उचलताना बटणं मात्र सात उचलायची. एखादं फुटकं निघालं तर पुन्हा हात घालायला नको. ही अक्कल आक्कांची. आक्का आमच्यात सगळ्यांत जुन्या, आणि कुणाचं कौतुक करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

कारखान्यातला रेडिओ बिघडला त्याच आठवड्यात माझ्या बोटात सुई मोडली. पट्टी बांधून बसले तर सुपरवायझर म्हणाला, "हात चालत नाही तर तोंड चालव. नाहीतरी ते कधी थांबत नाही." आणि जिन्याखालचं एक पुस्तक माझ्यापुढे टाकलं. बायकांना कामात काहीतरी ऐकायला हवं होतं.

कवींची टिंगल त्या टेबलावर माझ्याइतकी कुणी केली नसेल. पान अर्धं कोरं सोडायचं आणि वर लोकांकडून मान डोलवून घ्यायची. आम्ही अर्धा पुठ्ठा कोरा सोडला तर सुपरवायझर तो तोंडावर फेकतो.

तर मी नाक मुरडतच वाचायला लागले. पहिल्या चाळीस पानांत चंद्र अकरा वेळा उगवला. "या माणसाला घरात दिवा नाही का?" माझी नणंद म्हणाली. ती माझ्याच घरात राहते आणि इथेही माझ्याच शेजारी बसते. बायका खो खो हसल्या. मग बावन्नाव्या पानावर वडिलांच्या चपलांची कविता आली. वडील गेले, चपला दाराशीच राहिल्या, घरातले रोज त्या ओलांडून जातात. एवढंच. या वेळी कुणी हसलं नाही. मला त्या मेहुण्याचा भयंकर राग आला. इतकं चांगलं लिहिता येत होतं, तर मेला चंद्राच्या मागे कशाला लागला?

त्या दिवशी पुस्तक मी लपवून घरी नेलं आणि ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आवडलं, दुसरं काय सांगू? आठ दिवसांत मी स्वतःच कविता लिहायला लागले, वाया गेलेल्या पुठ्ठ्यांच्या पाठीवर. कुणी पाहिलं असतं तर लाजेने मेले असते.

पण खाज वाईट. एका दुपारी पुस्तक समोर उघडं धरून मी मधेच माझी एक घुसडली:

सहाच घरं पुठ्ठ्यावर,
सातव्याला जागा नाही.
माझ्या तळहातात बसून आहे बापडं,
त्याला वाटतं, मी शर्ट आहे.

सुया थांबल्या. "परत वाच," आक्का म्हणाल्या. चार दिवसांत ती सगळ्यांना पाठ झाली. नणंद तर घरी माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, असं लिहायला डोकं लागतं. आपल्या घरात आहे का कुणाला?" मी भांडी आदळली.

मग एके सकाळी खुद्द कवी आला. बायका आपलं पुस्तक वाचतात असं त्याच्या कानावर गेलं होतं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी एक बटण दोऱ्यावर लोंबतंय. नणंदेने त्याला सातव्या बटणाची कविता घडाघडा म्हणून दाखवली आणि म्हणाली, "साहेब, ही फार छान आहे तुमची."

तो जरा गोंधळला. मग डोळे मिटून म्हणाला, "हो. ती एका बैठकीत उतरली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायचं कसं? बोलले, तर जन्मभर ज्यांना रिकामटेकडे म्हटलं त्यांच्याच रांगेत उभी राहणार. गप्प बसले, तर माझं बटण त्याच्या शर्टाला.

आक्कांनी दातांनी दोरा तोडला. "साहेब, पुठ्ठा सहाचा. मग सातवं आलं कुठून?"

"ते... प्रतीक आहे," तो म्हणाला.

"असं होय," आक्का म्हणाल्या आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"फुटकं निघालं तर असावं म्हणून," मी म्हणाले. "आणि ती कविता माझी आहे."

नणंद हसली. दुसरं कुणी हसेना, तेव्हा थांबली. मेहुणा घड्याळ बघत दाराकडे निघाला. मी मागून विचारलं, "बावन्नाव्या पानावरची तरी तुमचीच ना?"

तो दारात थांबला. "हो," म्हणाला. "चपला अजून तिथेच आहेत." पहिल्यांदाच तो माणसासारखा बोलला.

तो गेल्यावर आक्कांनी मूठभर बटणं उचलली. "पुढची वाच. पुस्तक राहू दे."

मी पिशवीतून पुठ्ठे काढले. नणंदेने मान वाकडी करून वरचा पुठ्ठा पाहिला.

"वहिनी, अर्धा कोराच सोडलास की."

"तेवढा सोडावा लागतो," मी म्हणाले, आणि वाचायला लागले.