बॉनेटखालचं स्टिकर

मशीनवालीची गाडी भर चढावर मेली. आचके नाहीत, धूर नाही, खट्कन एक आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक पायाखाली कडक झाला, आणि मागच्या टेम्पोवाल्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत वळसा घेतला. तिने कशीबशी गाडी कडेला लावली. डिकीत दुरुस्त केलेली तीन शिलाई मशिनं होती आणि ती संध्याकाळपर्यंत पोचवायची होती.

शिलाई मशिनं दुरुस्त करणं हाच तिचा धंदा, म्हणून सगळे तिला मशीनवालीच म्हणायचे. गणवेश शिवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचं वर्षभराचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. चाळीस मशिनं, आठवड्याला दोन फेऱ्या, पहिली फेरी सोमवारी. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. आज गुरुवार होता.

यात विनोद असा की गाडी मेली ती इंजिनाचा पट्टा तुटून, आणि पट्ट्यातलं तिच्याइतकं कुणाला कळणार? दर कारखान्यात ती घसा कोरडा करून सांगायची, "मशिनच्या मोटारीचा पट्टा तुटायच्या आधी बदला हो. नुसता पट्टा नाही तुटत." आणि दर मालक म्हणायचा, "चालतंय ना? मग कशाला?" अशा माणसांना ती मनातल्या मनात बिनडोक म्हणायची. स्वतःच्या गाडीबाबत मात्र ती निर्धास्त होती. बॉनेट उघडलं की आत पिवळं स्टिकर दिसायचं: टायमिंग बेल्ट बदलला, ब्याण्णव हजार किलोमीटर, खाली तारीख. शिवाय गाडी कुणा परक्याची नव्हती, सख्ख्या मोठ्या भावाची होती.

दोन वर्षांपूर्वी दादाने नवी गाडी घेतली आणि जुनी हिला दिली. दिली म्हणजे विकली, तीही बाजारभावापेक्षा पंचवीस हजार चढे लावून. "अगं, मोठी सर्व्हिस करून देतोय तुला. बेल्ट नवा, वॉटर पंप नवा. बाहेरचा कुणी देईल का? हे बघ," असं म्हणत त्यानेच बॉनेट उचलून त्या स्टिकरवर बोट ठेवलं होतं. आईने कौतुकाने डोळे पुसले. बहीणभावात पावत्या कसल्या, असंही तीच म्हणाली. मशीनवालीने बिल मागितलं नाही. मागितलं असतं तर "हिचा घरच्या माणसांवर विश्वास नाही" हे पुराण महिनाभर पुरलं असतं.

आणि दादा तसा मायाळूच वाटायचा. मागच्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नाला सगळे दोन गाड्यांतून निघाले होते. वाट घाटाची होती. दादाच्या दोन्ही पोरांनी आत्याच्या गाडीत बसायचं म्हणून रडून गोंधळ घातला, पण दादाने त्यांना दरडावून आपल्या गाडीत कोंबलं. आईला मात्र स्वतः हाताला धरून हिच्या शेजारी बसवलं. "बसा मायलेकी गप्पा मारत," असं म्हणाला. मशीनवालीला तेव्हा भरून आलं होतं.

तर गाडी ओढून आणली ती वस्तादच्या गॅरेजात. दादाची असताना ती इथेच यायची. मशीनवाली मात्र तेवढेच पैसे वाचतात म्हणून घराजवळ ऑइल बदलून घ्यायची. वस्ताद पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याने इंजिनावरचं एक झाकण काढलं आणि आतून पट्ट्याचा तुकडा ओढून काढला. म्हाताऱ्याच्या तोंडासारखी गत होती, मधले दात सगळे झडलेले.

"हा गेला, ताई. आणि जाताना एकटा नाही गेला. आतले व्हॉल्व्ह वाकलेत. इंजिनाचं हेड उतरवावं लागेल."

"किती?"

"वेळेवर बदलला असता तर पंपासकट चोवीस हजार. आता एक लाख दहा."

मशीनवालीच्या पायाखालची जमीन सरकली, पण जीभ जागेवर होती. "बदललाय म्हणून तर सांगतेय ना! तीस हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत. स्टिकर तुमच्याच गॅरेजचं आहे, डोळे उघडून बघा."

वस्तादने तुकडा फडक्याने पुसला आणि उलटा करून तिच्यापुढे धरला. पाठीवर कंपनीचा पुसट शिक्का होता. "गाडीबरोबर आलेला पट्टा आहे हा. याला कुणीच हात लावलेला नाही." मग त्याने वाकून स्टिकर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. अक्षर त्याचंच होतं.

तो आत गेला आणि एक जुनी फाइल घेऊन आला. फाइल हरवली म्हणाला असता तर मशीनवाली काय करणार होती? पण तो तसला नव्हता. त्याने दादाच्या गाडीचं जॉब कार्ड तिच्या हातात दिलं. त्यावर टायमिंग बेल्टची ओळ तांबड्या पेनाने खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'धोका फोनवर सांगितला. साहेब नको म्हणाले.'

"माझी एक वाईट खोड आहे, ताई," वस्ताद खाली बघत म्हणाला. "सकाळी कार्ड लिहिलं की स्टिकर तेव्हाच लिहून चिकटवतो. संध्याकाळी हात तेलाचे असतात, अक्षर बरबटतं. त्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. म्हणाले, गाडी विकायचीय, बेल्ट राहू दे, ऑइल तेवढं बदला. मी सांगितलं, तुटला तर चालती गाडी बंद पडेल, उतारावर असाल तर जिवावर बेतेल. तरी नको म्हणाले. काम थांबवलं, पण स्टिकर काढायचं राहिलं. ही चूक माझी. मजुरी मी घेणार नाही. पार्टचे ऐंशी हजार मात्र लागतीलच."

"सोमवारपर्यंत होईल?"

"दहा दिवस धरा."

म्हणजे कारखान्याचं काम गेलं. तिथे दारात दुसरे चार जण उभेच होते.

तिने दादाला फोन लावला. खरं सांगायचं तर अजूनही ती मनात त्याचीच वकिली करत होती. कामाच्या धांदलीत विसरला असेल. स्टिकर बघून त्यालाही खरंच वाटलं असेल.

"अरे बाप रे!" दादा म्हणाला. "पण स्टिकर होतं ना? मग वस्तादची मान पकड. सोडू नकोस."

"कार्ड माझ्या हातात आहे, दादा. तुझा फोन लिहिलाय त्यावर."

दादाचा आवाज चढला. "हे बघ, दोन वर्षं चालली ना गाडी? चालत होती ना?"

हेच वाक्य ती दर कारखान्यात ऐकत आली होती. तिथे मालक स्वतःच्याच पट्ट्याबद्दल बोलायचे, एवढाच काय तो फरक. तिला एकदम घाटातली ती वळणं आठवली, शेजारी पेंगणारी आई आठवली, आणि दादाच्या गाडीच्या काचेला नाक लावून रडणारी दोन पोरं आठवली.

"एकच सांग. लग्नाला जाताना पोरांना माझ्या गाडीत का बसू दिलं नाहीस?"

तो काहीतरी थाप मारेल असं तिला वाटलं. पोरांना गाडी लागते म्हणेल, जागा नव्हती म्हणेल. त्याने थाप मारावी असं तिला फार वाटत होतं. पण बेसावध पकडला गेला की माणूस खरं बोलून जातो.

"लहान आहेत गं ती," दादा म्हणाला.

"आणि आई?"

"हॅलो?" दादा म्हणाला. "हॅलो? आवाज तुटतोय तुझा."

तिला तर त्याचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता.